एकच जंतू, दोन रोग

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अकरावीच्या मुलांचे उष्णतेवरचे प्रात्यक्षिक चालू होते. एक मुलगा तापमापकातील अंश वाचण्यात गर्क होता आणि त्याच्या उजव्या हाताची कड तापलेल्या लोखंडी तिवईला टेकली होती. शेजारचा मुलगा ओरडला, “अरे, हात भाजतोय तुझा!” तेव्हा कुठे त्याने हात काढला. करंगळीखाली टरटरून फोड आला, पण हा आपला शांत.

“दुखत नाही का रे?” मी विचारले.

“नाही सर. ह्या बाजूला दोन-तीन महिने मला काही कळतच नाही.”

मी त्याला बाही वर सारायला सांगितली. कोपराजवळ रुपयाएवढा एक फिकट चट्टा होता. त्यावर टाचणी टेकवली तरी त्याला ती कळत नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याला आणि त्याच्या वडिलांना घेऊन मी सरकारी रुग्णालयात गेलो. डॉक्टरबाईंनी त्याच्या कोपरामागची नस बोटांनी चाचपून पाहिली. ती दोरीसारखी जाड झाली होती. निदान झाले कुष्ठरोगाचे. वडिलांच्या तोंडचे पाणीच पळाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, “घाबरू नका. सहा महिन्यांच्या गोळ्यांनी हा बरा होईल. ह्याच्या अंगात जंतू अगदी थोडे आहेत. ह्याची प्रतिकारशक्ती जोरदार आहे. नस सुजली आहे तीसुद्धा त्यामुळेच.”

हे शेवटचे वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिले. प्रतिकारशक्ती जोरदार, म्हणून नस बिघडली? मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. प्रतिकारशक्ती म्हणजे ढालीसारखे काहीतरी असते, जितकी जाड तितकी चांगली, अशीच माझी समजूत होती. ती किती अपुरी आहे हे नंतरच्या वाचनातून कळले. विद्यार्थी मित्रांनो, त्या वाचनाचे सार आज तुमच्यापुढे ठेवत आहे.

रोगाची दोन टोके

कुष्ठरोगाचा जंतू १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन शहरी गेऱ्हार्ड आर्माउर हॅन्सन ह्या डॉक्टराने शोधून काढला. रोगाशी निश्चितपणे जोडला गेलेला माणसाच्या शरीरातील हा अगदी सुरुवातीच्या जीवाणूंपैकी एक. हा जंतू काडीच्या आकाराचा आणि कमालीचा संथ आहे. आपल्या आतड्यातील काही जीवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. ह्याला त्यासाठी सुमारे दोन आठवडे लागतात. शिवाय तो पेशींच्या आत राहतो. कातडीतील भक्षक पेशी आणि मज्जातंतूंभोवतीच्या आवरणाच्या पेशी ही त्याची आवडती घरे. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत तो अजूनही वाढवता आलेला नाही.

हा जंतू ज्यांच्या शरीरात शिरतो त्यांतील बहुतेकांना काहीच होत नाही. शंभरातील सुमारे पंचाण्णव माणसे त्याचा परस्पर बंदोबस्त करतात. हॅन्सनच्या आधी बर्गेनमध्येच डॅनियल डॅनिएल्सन हे नामांकित डॉक्टर होते. त्यांनी रुग्णांच्या गाठींतील द्रव्य स्वतःला टोचून घेतले, सहकाऱ्यांनाही टोचले. कोणालाच रोग झाला नाही. त्यावरून त्यांनी ठरवले, की हा रोग संसर्गाने होत नाही, तो घराण्यातून येतो. निरीक्षण खरे होते, निष्कर्ष चुकला. जंतू नव्हता असे नाही, त्या शरीरांनी तो मारला होता.

उरलेल्या थोड्या लोकांना रोग होतो, पण सर्वांना सारखा होत नाही. एका टोकाला आमच्या विद्यार्थ्यासारखे रुग्ण असतात. त्यांच्या अंगावर एक-दोन चट्टे, कडा स्पष्ट, मध्ये बधिरपणा. चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जंतू शोधूनही सापडत नाही. दुसऱ्या टोकाचे रुग्ण अगदी वेगळे. त्यांची कातडी जाड होते, कानाच्या पाळ्यांवर आणि चेहऱ्यावर गाठी येतात. एक ग्रॅम कातडीत शंभर कोटींवर जंतू असू शकतात. पहिल्या टोकाला क्षयसदृश आणि दुसऱ्याला गाठींचा कुष्ठरोग म्हणू. रिडली आणि जॉपलिंग ह्या दोन डॉक्टरांनी १९६६ साली ह्या दोन टोकांमध्ये पाच पायऱ्या मांडल्या. बहुसंख्य रुग्ण मधल्या पायऱ्यांवर असतात.

जंतूच दोन जातींचे असतील, असे तुम्ही म्हणाल. तसे नाही. जगाच्या वेगवेगळ्या भागांतून मिळालेल्या ह्या जंतूंचे जनुकद्रव्य २००५ साली ताडून पाहिले, तेव्हा त्यांत फरक जवळजवळ नाहीच असे दिसले. मग फरक आहे तो रुग्णाच्या शरीरात.

मग कमी काय पडते?

गाठींच्या रुग्णांत प्रतिकारशक्तीच नसेल, हा पुढचा तर्क. तोही टिकत नाही. ह्या रुग्णांच्या रक्तात कुष्ठजंतूविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतात, क्षयसदृश रुग्णांपेक्षा कितीतरी जास्त. दुसऱ्या रोगांच्या जंतूंशीही ते तुमच्याआमच्यासारखेच लढतात. पण १९१९ साली जपानच्या मित्सुदा ह्यांनी एक चाचणी सुचवली. मारलेले कुष्ठजंतू कातडीत टोचायचे आणि तीन-चार आठवडे वाट पाहायची. क्षयसदृश रुग्णाच्या कातडीवर तेथे गाठ उठते. गाठींच्या रुग्णाच्या कातडीवर काहीच उठत नाही. म्हणजे रक्तात प्रतिपिंडांचा पूर आणि कातडीत मात्र सामसूम!

ह्याचा उलगडा होण्यासाठी शरीराच्या लढण्याच्या दोन पद्धती लक्षात घ्याव्या लागतील. पहिली पद्धत प्रतिपिंडांची. बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी ही प्रथिने बनवतात. रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या जंतूंना ती चिकटतात आणि त्यांना निकामी करतात. पण ती जिवंत पेशीच्या आत शिरू शकत नाहीत. घरात शिरून कडी लावलेल्या चोरापुढे रस्त्यावरचा पहारेकरी काय करणार?

दुसरी पद्धत पेशींची. भक्षक पेशी जंतूला गिळते आणि पोटातील आम्ले, तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्ये व पाचक रस ह्यांनी त्याला मारते. कुष्ठजंतू असा गिळला जातो खरा, पण सुस्त भक्षक पेशीत तो मरत नाही, तेथेच संसार थाटतो. त्या पेशीला कोणीतरी चेतवावे लागते. हे काम मदतनीस टी-पेशींचे. छातीतील थायमस ग्रंथीत त्या पक्व होतात म्हणून त्यांचे नाव टी-पेशी. बी-पेशींनाही त्याच मदत करतात. तेव्हा प्रश्न असा उरला : मदतनीस पेशी एका रुग्णात भक्षक पेशीला चेतवतात आणि दुसऱ्यात चेतवत नाहीत, हे कसे? आणि पेशींना तोंड नाही, कान नाहीत, मग त्या एकमेकींशी बोलतात तरी कशा?

रासायनिक निरोप

ह्या बोलण्याचा पहिला ठोस पुरावा लंडनमध्ये मिळाला. १९५७ साली ॲलिक आयझॅक्स आणि झाँ लिंडेनमान ह्यांनी कोंबडीच्या अंड्यातील पटलाचे तुकडे इन्फ्लुएंझाच्या निष्प्रभ केलेल्या विषाणूंबरोबर ठेवले. नंतर भोवतालचे पाणी काढून ते दुसऱ्या, ताज्या तुकड्यांना दिले. ह्या ताज्या तुकड्यांत जिवंत विषाणूंची वाढ होईना. पाण्यात असे काहीतरी उतरले होते, जे एका पेशीने सोडले आणि दुसरीने ओळखले. त्या द्रव्याला त्यांनी ‘इंटरफेरॉन’ नाव दिले.

१९६६ साली अमेरिकेत झालेला प्रयोग तर आणखी बोलका आहे. केसासारख्या बारीक काचनळीत भक्षक पेशी भरल्या आणि नळी पोषक द्रवात ठेवली. पेशी नळीच्या तोंडातून बाहेर सरकत पंख्यासारख्या पसरल्या. आता द्रवात अशा टी-पेशींचा अर्क मिसळला, ज्यांना त्यांच्या ओळखीचा जंतुपदार्थ नुकताच भेटला होता. भक्षक पेशी जागच्या जागी थांबल्या. टी-पेशी जणू त्यांना सांगत होत्या, “पुढे जाऊ नका, काम इथेच आहे.” बॅरी ब्लूम व बॉइस बेनेट ह्यांनी आणि स्वतंत्रपणे जॉन डेव्हिड ह्यांनी हे दाखवले.

अशी द्रव्ये पुढे भराभर सापडत गेली. १९७४ साली त्यांना ‘सायटोकाइन’ हे सामाईक नाव सुचवले गेले आणि १९७९ साली त्यांतील काहींना ‘इंटरल्यूकिन’ म्हणून क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. ही सर्व लहान आकाराची प्रथिने आहेत. ज्या पेशीला निरोप घ्यायचा तिच्या पृष्ठभागावर त्या त्या सायटोकाइनसाठी खास ग्राहक रेणू असतात. रेडिओ ठरावीक स्टेशनवर लावल्याखेरीज कार्यक्रम ऐकू येत नाही, तसेच ग्राहक रेणू नसेल तर पेशीला निरोप कळत नाही. फरक एवढाच, की रेडिओवरची बातमी सर्वांना सारखीच ऐकू येते. सायटोकाइनचे तसे नाही. एकच निरोप एका पेशीला ‘वाढ’ असे सांगतो, तर दुसरीला ‘थांब’ असे सांगतो.

ह्या पेशी फार हळू आवाजात बोलतात. इंटरल्यूकिन-२ ह्या सायटोकाइनचा एक ग्रॅम सुमारे ६५ लाख लिटर पाण्यात, म्हणजे दहा हजार लिटरच्या ६५० टँकरांत मिसळला, तरी टी-पेशीचे ग्राहक रेणू तो ओळखू शकतात. एवढ्या विरल द्रावणात पेशीएवढ्या आकारमानात त्याचे जेमतेम पाच-सहा रेणू असतात.

निरोप किती दूर जातो?

येथे थोडे माझ्या विषयाचे गणित करू. सायटोकाइनचा रेणू पोस्टमनसारखा पत्ता शोधत जात नाही. पाण्याच्या रेणूंचे धक्के खात तो वेडावाकडा भटकतो. ह्याला विसरण म्हणतात. विसरणाचा नियम असा, की लागणारा वेळ हा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो :

वेळ = अंतराचा वर्ग ÷ (६ × विसरणांक)

एवढ्या आकाराच्या प्रथिनाचा पाण्यातील विसरणांक सेकंदाला सुमारे १०० चौरस मायक्रोमीटर असतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता हिशेब पाहा.

०.१ मिलिमीटर अंतर, म्हणजे सुमारे दहा पेशींची रांग : १७ सेकंद.
१ मिलिमीटर : २८ मिनिटे.
१ सेंटिमीटर : ४६ तास.

अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो. प्रत्यक्ष कातडीत पेशींची दाटी असते, म्हणून वेळ ह्याहूनही जास्त लागतो. शिवाय वाटेतल्या पेशी हे रेणू टिपून घेतात. तेव्हा बहुतेक निरोप शेजारच्या आळीपुरतेच राहतात. टी-पेशीला भक्षक पेशीच्या अगदी जवळ यावे लागते ते ह्यामुळेच. एखाद्या रुग्णाच्या चट्ट्यात काय बोलणे चालले आहे, हे त्याच्या दंडातील रक्त तपासून पुरते कळत नाही, तेही ह्यामुळेच. चट्ट्याचाच तुकडा पाहावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे उपयोगी पडेल.

करून पाहा : किराणा दुकानात मिळणारे चायना ग्रास पाण्यात उकळून परीक्षानळी पाऊण भरा व ते गोठू द्या. वर एक सेंटिमीटर उंचीचे, खाण्याचा लाल रंग घातलेले पाणी ओता. रंग खाली किती उतरला ते १ तासाने, ४ तासांनी आणि १६ तासांनी मोजा. ही अंतरे साधारण १ : २ : ४ ह्या प्रमाणात येतात का? दुप्पट अंतराला चौपट वेळ, हा नियम तुमच्या डोळ्यांसमोर दिसेल.

दोन प्रकारचे मदतनीस

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९८६ साली कॅलिफोर्नियात टिम मॉसमन आणि रॉबर्ट कॉफमन ह्यांनी उंदरांच्या मदतनीस टी-पेशी वेगवेगळ्या वाढवल्या आणि प्रत्येक कूळ कोणकोणती सायटोकाइने सोडते ते तपासले. दिसायला सारख्या असलेल्या ह्या पेशींचे बोलण्यावरून दोन गट पडले.

पहिला गट गॅमा इंटरफेरॉन सोडतो. हाच तो भक्षक पेशीला चेतवणारा निरोप. दुसरा गट इंटरल्यूकिन-४ आणि तत्सम द्रव्ये सोडतो. ती बी-पेशींना प्रतिपिंडे बनवण्यास उत्तेजन देतात. आतड्यातील जंतांसारख्या शत्रूंशी लढताना हा दुसरा मार्ग मोलाचा ठरतो. तेव्हा एक गट चांगला व दुसरा वाईट असे समजू नका.

खरी मेख पुढे आहे. पहिल्या गटाचा गॅमा इंटरफेरॉन दुसऱ्या गटाची वाढ रोखतो. दुसऱ्या गटाचे इंटरल्यूकिन-४ नव्या टी-पेशींना आपल्याच गटात ओढते आणि पहिल्या गटाकडे वळू देत नाही. १९८९ साली सापडलेले इंटरल्यूकिन-१० तर भक्षक पेशींनाच शांत करते. उलट, जंतू पाहून सावध झालेल्या भक्षक पेशी इंटरल्यूकिन-१२ सोडतात, त्याने पहिल्या गटाची भरती वाढते, तो गट गॅमा इंटरफेरॉन सोडतो आणि भक्षक पेशी आणखी सावध होतात. शाळेच्या संमेलनात ध्वनिक्षेपकाचा आवाज सूक्ष्मश्रवणीत शिरला, की कर्कश शीळ वाढत जाते, त्यातलाच हा प्रकार.

महाबळेश्वरला गेला असाल तर आठवा. कृष्णा आणि सावित्री ह्या दोन्ही नद्या तेथेच उगम पावतात. घाटमाथ्यावर पडलेला पावसाचा थेंब वीतभर पूर्वेला पडला तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जातो, वीतभर पश्चिमेला पडला तर सावित्रीतून अरबी समुद्राला मिळतो. माथ्यावरचा फरक वीतभराचा, शेवटचा फरक शेकडो मैलांचा. पदार्थविज्ञानात ह्याला अस्थिर समतोल म्हणतात. जंतू शरीरात शिरल्यावर आरंभी कोणता निरोप थोडा वरचढ ठरतो, ह्यावर पुढचा सारा प्रवाह ठरू शकतो. त्या आरंभावर व्यक्तीच्या जनुकांचाही प्रभाव असतो.

चट्ट्यातील साक्ष

हे झाले उंदरांचे. माणसात हेच घडते का? ह्याचे उत्तर देण्यास कुष्ठरोगासारखा दुसरा रोग नाही. जंतू एक, रोगाची टोके दोन, आणि रणभूमी कातडीवर, सहज हाताला येणारी. १९९१ साली लॉस एंजलिस येथील रॉबर्ट मॉडलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या चट्ट्यांचे लहान तुकडे घेतले आणि तेथील पेशी कोणत्या सायटोकाइनांच्या आज्ञा लिहीत आहेत ते तपासले. क्षयसदृश चट्ट्यांत गॅमा इंटरफेरॉन आणि इंटरल्यूकिन-२ ह्यांचा भर होता. गाठींत इंटरल्यूकिन-४, ५ आणि १० ह्यांचा. मित्सुदांच्या चाचणीतील गूढ उलगडले. गाठींच्या रुग्णाची फौज झोपलेली नव्हती. तिला ज्या कामाचा निरोप मिळत होता, तेच काम ती करत होती. काम मात्र ह्या शत्रूला लागू नव्हते.

त्यानंतरच्या संशोधनाने चित्रात आणखी रंग भरले आहेत. मदतनीस पेशींचे इतर गट सापडले आहेत, प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या टी-पेशीही सापडल्या आहेत. पण निरोप बदलला की लढाईचा रोख बदलतो, हे सूत्र कायम आहे.

जोर वाढवला तर?

मग गाठींच्या रुग्णाला गॅमा इंटरफेरॉनच टोचले तर? हाही प्रयोग झाला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही रुग्णांच्या कातडीत ते टोचले, तेव्हा ती जागा टणक झाली आणि तेथे टी-पेशी व भक्षक पेशी गोळा झाल्या. निरोप पोहोचला होता. परंतु तो दीर्घकाळ देत राहिल्यावर बऱ्याच रुग्णांना ताप, वेदना आणि लाल गाठी अशी तीव्र प्रतिक्रिया आली, असे १९९२ साली नोंदले गेले. त्यामुळे हा नेहमीचा उपचार झाला नाही.

असे का व्हावे? चेतलेली भक्षक पेशी जी जहाल द्रव्ये सोडते, ती जंतू आणि शेजारचा मज्जातंतू असा भेद करत नाहीत. कुष्ठजंतू मज्जातंतूच्या आवरणात लपलेला असतो. त्याला मारण्यासाठी पेशींची गर्दी होते, नस सुजते. नसेभोवतीचे वेष्टन फारसे ताणत नाही, त्यामुळे आतला दाब वाढतो आणि तंतू चिरडले जातात. थोडक्यात, घरात शिरलेला विंचू मारण्यासाठी घरच पेटवल्यासारखे होते. डॉक्टरबाईंच्या वाक्याचा अर्थ हा होता. आमच्या विद्यार्थ्याच्या कोपरामागची नस जंतूंपेक्षा जंतूंवरील हल्ल्यानेच अधिक बिघडली होती. म्हणून जंतू मारणाऱ्या गोळ्यांबरोबर त्याला काही महिने स्टेरॉइड दिले गेले. स्टेरॉइडमुळे हे निरोप सोडण्याचे प्रमाण घटते आणि सूज उतरते.

निरोप कमी करून रुग्णाला आराम पडल्याचे आणखी एक नवलाचे उदाहरण आहे. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध गर्भवती स्त्रियांनी घेतल्याने अनेक देशांत हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली, म्हणून १९६१ पासून ते बाजारातून काढले गेले. पुढे जेरुसलेम येथे जेकब शेस्किन ह्या डॉक्टरांनी, वेदनांनी झोप न येणाऱ्या कुष्ठरुग्णाला ते दिले. झोप तर लागलीच, पण लाल गाठी आणि वेदनाही ओसरल्या. हे त्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केले. त्याचे एक कारण १९९१ च्या सुमारास कळले. हे औषध भक्षक पेशींकडून सुटणारे एक दाहकारक सायटोकाइन कमी करते. ते आजही अशा प्रतिक्रियांत वापरतात, पण अतिशय कडक देखरेखीखाली. गर्भवती स्त्रीला ते कदापि देत नाहीत.

अदिश नव्हे, सदिश

पदार्थविज्ञानात दोन तऱ्हेच्या राशी तुम्ही शिकता. वस्तुमान किंवा तापमान सांगायला एक आकडा पुरतो, त्या अदिश राशी. बल किंवा वेग सांगताना आकड्याबरोबर दिशाही सांगावी लागते, त्या सदिश राशी. बैलगाडी खड्ड्यात रुतली असता चौघांनी चार बाजूंना जोर लावला, तर घाम गळतो पण गाडी हलत नाही.

प्रतिकारशक्तीला आपण अदिश समजतो. ‘ह्याची कमी आहे, त्याची वाढवा’ असे बोलतो आणि ती वाढवण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातींना भुलतो. कुष्ठरोग दाखवतो, की ती सदिश राशीसारखी आहे. गाठींच्या रुग्णात जोर होता, दिशा चुकली. आमच्या विद्यार्थ्यात दिशा बरोबर होती, पण जोर अनावर झाला. बरे करणे म्हणजे नुसते वाढवणे नव्हे. कधी वाढवायचे, कधी वळवायचे, कधी आवरायचे, हे पाहावे लागते. पुढे कोणी ‘प्रतिकारशक्ती वाढवणारे’ काही विकू लागला तर त्याला विचारा, “कोणती? आणि कोणत्या दिशेला?”

आपल्या हातातील गोष्ट

पेशींचे संभाषण आपल्याला ऐकू येत नाही, पण त्याचा बधिर चट्टा डोळ्यांना दिसतो. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने दोन-तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचवली. तेव्हापासून जगभर दीड कोटीहून अधिक रुग्ण बरे झाले. औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात आणि सुरू केल्यावर थोड्याच अवधीत रुग्णापासून संसर्गाचा धोका जवळजवळ उरत नाही. तरीही जगात दर वर्षी आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात. औषध जंतू मारते, पण मेलेली नस जिवंत करत नाही. म्हणून उशीर हाच खरा शत्रू आहे, आणि उशिराचे मोठे कारण आहे लाज.

वर्ध्याजवळचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन, वरोड्याचे आनंदवन ह्या संस्था आपल्याकडे उभ्या राहिल्या, कारण समाजाने ह्या रुग्णांना घराबाहेर काढले होते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ सालापर्यंत नोंदलेले होते. कायदा बदलला, मने बदलायची आहेत. शिक्षकांना एक विनंती : वर्गात कोणाच्या अंगावर फिकट वा लालसर चट्टा दिसला तर चारचौघांत बोलू नका. एकीकडे नेऊन विचारा, आणि तेथे स्पर्श कळत नसेल तर त्याला डॉक्टरांकडे पाठवा.

आमचा विद्यार्थी सहा महिन्यांत रोगमुक्त झाला. बोटांतील जोर परत आला, स्पर्श मात्र अर्धाच आला. आज तो एका कारखान्यात जोडारी आहे. गरम वस्तू उचलायची झाली की आधी डाव्या हाताचे बोट लावून पाहतो. मागे भेटला तेव्हा म्हणाला, “सर, चट्टा पहिल्यांदा दिसला तेव्हाच सांगितले असते तर उजवा हातही चालला असता.”

विचार करा

१. विसरणाच्या सूत्रावरून ०.५ मिलिमीटर अंतरासाठी लागणारा वेळ काढा.

२. गाठींच्या रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंडे भरपूर असूनही रोग का हटत नाही?

३. चट्ट्यातील सायटोकाइने जाणून घेण्यासाठी रक्ताऐवजी चट्ट्याचाच तुकडा का तपासला?